सॅन डिएगोचे सीवर्ल्ड आणि तेथील सागरी सस्तन प्राणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जूनच्या सुमारास पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून मुलाबाळांकडे आलेले आईवडील कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत आठवडाभर रुळले, की सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या उद्यानाचा विषय निघतोच. कुणाकडे नातवंडांनी हट्ट धरलेला असतो, तर कुणी तेथील ऑर्कांबद्दल, म्हणजे 'किलर व्हेल' म्हणतात त्या प्राण्यांबद्दल, काहीबाही वाचलेले असते आणि त्यांच्या मनात जावे की न जावे अशी घालमेल चाललेली असते. मी या शहरात बरीच वर्षे राहत असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे पुनःपुन्हा येतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिले आहे. माझे मत मी लपवलेले नाही. मात्र माहिती कोणती आणि मत कोणते, हे वाचणाऱ्याला ओळखता यावे याची काळजी घेतली आहे.

सीवर्ल्डची सुरुवात कशी झाली?

सॅन डिएगोच्या पश्चिमेला मिशन बे नावाची उथळ खाडी आहे. मुळात ती दलदल होती. गाळ उपसून तिला आजचे रूप देण्यात आले. या खाडीच्या काठावर २१ मार्च १९६४ रोजी सीवर्ल्ड सुरू झाले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या चौघांची मूळ कल्पना पाण्याखालच्या उपाहारगृहाची होती. ती तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखी नव्हती, म्हणून समुद्री प्राण्यांचे उद्यानच काढायचे ठरले. आरंभी ४५ कर्मचारी, काही डॉल्फिन, काही सी लायन (सीलच्या जवळचे प्राणी) आणि खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या एवढाच पसारा होता, तरी पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक लोक येऊन गेले. पुढे ओहायो (हे आता बंद झाले आहे), ऑरलँडो आणि सॅन अँटोनियो येथेही अशी उद्याने निघाली, पण ती किनाऱ्यापासून दूर. सॅन डिएगोचे उद्यान मात्र खरोखरच समुद्राकाठी आहे आणि त्याच्या टाक्यांत मिशन बेचेच पाणी गाळून घेतले जाते.

सागरी सस्तन प्राणी म्हणजे नेमके कोणते? पेंग्विन त्यांत मोडतात का?

पेंग्विन हा पक्षी आहे, मग तो राणीच्या बागेतला असो वा सीवर्ल्डमधला. ज्यांचे रक्त उष्ण असते, जे फुप्फुसाने श्वास घेतात, पिलांना जन्म देऊन दूध पाजतात आणि ज्यांचे जगणे समुद्रावर अवलंबून असते, ते सागरी सस्तन प्राणी. देवमासे, डॉल्फिन, पॉर्पॉइज, सील, सी लायन, वॉलरस, समुद्री पाणमांजर आणि आपल्याकडे कच्छच्या आखातात व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आढळणारा डुगाँग हे सगळे त्यांत येतात. ज्याला 'किलर व्हेल' म्हणतात तो ऑर्का हा शास्त्रीयदृष्ट्या डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. म्हणून येथे त्याला देवमासा न म्हणता ऑर्काच म्हटले आहे.

शामू म्हणजे कोण?

शामू ही एक मादी ऑर्का होती. १९६५ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील प्यूजेट साउंडच्या परिसरात तिला पकडले गेले आणि त्याच वर्षअखेरीस सीवर्ल्डमध्ये आणले गेले. १९७१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांच्या आतच, ती मेली. तिच्यानंतर खेळ करणाऱ्या प्रत्येक ऑर्काला रंगमंचावर 'शामू' हेच नाव दिले जाऊ लागले. दर्शकाला वाटे, की आपण लहानपणी पाहिलेली शामूच आज आपल्या मुलाला पाहायला मिळते आहे. या नावामागे किती वेगवेगळे प्राणी येऊन गेले, हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्गच नव्हता. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली समजून घेण्याची पहिली गोष्ट हीच आहे, कारण ऑर्कांच्या जगात प्रत्येक जीव वेगळा ओळखता येतो. कॅनडातले संशोधक मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि त्यामागचा राखाडी पट्टा यांवरून छायाचित्र पाहून प्रत्येक ऑर्का ओळखता येतो. त्यांनी केलेल्या मोजणीतून हेही उघड झाले, की ज्यांची संख्या हजारोंमध्ये असावी असे गृहीत धरले जात होते, ते ऑर्का त्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात काही शेच उरले होते.

त्यांना पकडत कसे असत?

विमानातून कळप हेरायचा, पाण्यात स्फोटके टाकून आवाजाने त्याला अरुंद खाडीत रेटायचे, तोंडाशी जाळे लावायचे आणि आयांपासून पिले वेगळी काढायची, अशी ती पद्धत होती. पिलेच हवी असत, कारण मोठा प्राणी ट्रकवर आणि विमानात चढवणे अवघड जाते. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह येथे झालेल्या पकडीत सात लहान ऑर्का नेण्यात आले आणि पाच जाळ्यात अडकून बुडून मेले. फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी जाळ्यात अडकून वर येऊ शकला नाही, तर तो समुद्रातच गुदमरतो. त्या परिसरात राहणाऱ्या 'सदर्न रेसिडेंट' नावाच्या ऑर्कासमूहातून अशा रीतीने चाळीसहून अधिक जीव गेले. हा समूह पुन्हा कधी सावरला नाही. २००५ मध्ये तो नष्टप्राय म्हणून घोषित झाला आणि आज त्यात ७५ च्या आसपासच ऑर्का आहेत. त्यांचे मुख्य अन्न असलेल्या चिनूक सामन माशांची टंचाई, प्रदूषण आणि जहाजांचा गोंगाट हीदेखील त्याची कारणे आहेत. परंतु एक पिढीच उचलून नेल्यावर जननक्षम माद्या उरतात किती, हा हिशेब साधा आहे.

१९७६ मध्ये त्याच राज्यातल्या बड इनलेट येथील पकड लोकांच्या डोळ्यांदेखत झाली, राज्य सरकार न्यायालयात गेले आणि सीवर्ल्डने वॉशिंग्टनच्या पाण्यात पुन्हा ऑर्का न पकडण्याचे मान्य केले. त्यानंतर पकडणाऱ्यांचा मोर्चा आइसलँडकडे वळला.

आज सॅन डिएगोत असलेल्यांपैकी समुद्रातून पकडून आणलेले कुणी आहे का?

आहेत. त्यांपैकी कोर्की या मादीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा सगळा प्रश्न मला तिच्यामुळे कळला.

कोर्कीला ११ डिसेंबर १९६९ रोजी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पेंडर हार्बर येथे पकडले गेले. तेव्हा ती चार-पाच वर्षांची असावी. प्रथम ती लॉस एंजेलिसजवळच्या एका उद्यानात होती आणि ते बंद पडल्यावर १९८७ मध्ये सॅन डिएगोत आली. इतकी वर्षे मानवी ताब्यात जगलेला दुसरा ऑर्का नाही. १९७७ मध्ये तिला झालेले पिल्लू हे बंदिवासात जिवंत जन्मलेले पहिले ऑर्काचे पिल्लू होते. ते तीन आठवडेही जगले नाही. त्यानंतरही ती अनेकदा गाभण राहिली, पण तिचे एकही पिल्लू दोन महिन्यांचे झाले नाही. ऑर्काच्या मादीचा गर्भकाळ सुमारे सतरा महिन्यांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका वाक्यात किती वर्षे मावलेली आहेत ते कळते.

तिचे कुटुंब कोणते, हे अंदाजाने नव्हे तर नावानिशी ठाऊक आहे. 'नॉर्दर्न रेसिडेंट' समूहातला तो ए-५ नावाचा कळप. या कळपातली भावंडे आयुष्यभर आईबरोबर राहतात; मुलगा मोठा झाला म्हणून वेगळा होत नाही आणि मुलगी आपल्या पिलांसह आईच्या आसपासच असते. प्रत्येक कळपाची हाकांची बोली वेगळी असते आणि पिले ती आईकडून शिकतात. कोर्कीला नेल्यानंतर तिच्या आईला आणखी पिले झाली, म्हणजे तिने कधी पाहिलीच नाहीत अशी भावंडे तिला समुद्रात झाली.

या ऑर्कांची एक सवय वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर जॉनस्टन सामुद्रधुनीत गुळगुळीत गोट्यांचे काही किनारे आहेत. उन्हाळ्यात हे ऑर्का तेथे अगदी उथळ पाण्यात येतात, फुप्फुसांतली हवा सोडून अंग जड करतात आणि पोट, कुशी, पर त्या गोट्यांवर घासत सरपटतात. पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांवर गोटे खडखडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. यामागे शिकार नाही आणि कुणापासून पळणेही नाही. त्यांना ते आवडते आणि मोठ्यांचे पाहून पिले ते उचलतात. या किनाऱ्यांसाठी १९८२ मध्ये रॉब्सन बाइट हे क्षेत्र राखीव करण्यात आले. कोर्कीचे आप्त आजही तेथे येतात.

खाण्यापिण्याची व्यवस्था कशी असते?

ही व्यवस्था चांगली असते आणि ते मान्य करायला हवे. हेरिंग, कॅपेलिन, मॅकरल असे मासे गोठवलेल्या स्थितीत येतात, ते शीतगृहातून काढून वितळू देतात आणि प्रत्येक प्राण्याच्या नावाची बादली वजन करून भरली जाते. मोठ्या ऑर्काला दिवसाला साठ ते शंभर किलोंच्या आसपास मासे लागतात. गोठवून ठेवलेल्या माशांतले ब-१ जीवनसत्त्व कमी होते, म्हणून त्याच्या गोळ्या माशाच्या कल्ल्यात खोचून देतात. ऑर्का आणि डॉल्फिन सहसा खारे पाणी पीत नाहीत, त्यांना लागणारे पाणी मुख्यतः भक्ष्यातून मिळते. आणि गोठवलेल्या माशात तेही कमी असते, म्हणून ऑर्कांना आणि डॉल्फिनांना रंगहीन जिलेटिनच्या वड्या खाऊ घालतात. पाहणाऱ्याला तो खाऊ वाटतो, प्रत्यक्षात ते पाणी असते.

त्यांना उपाशी ठेवून शिकवतात का?

आज जी पद्धत सर्वत्र सांगितली आणि वापरली जाते, ती बक्षिसाची आहे. लांब काठीच्या टोकाला लावलेल्या चेंडूला प्राण्याने स्पर्श केला, की शिट्टी वाजते आणि मासा मिळतो. शिट्टीचा अर्थ 'बरोबर केलेस' असा प्राण्याच्या मनात पक्का झाला, की त्याच्या साहाय्याने हळूहळू उडी, वळण, शेपटी वर करून स्वस्थ राहणे अशा गोष्टी शिकवता येतात. शेपटी वर धरून स्वस्थ राहणे हा खेळ नव्हे. त्या वेळी पशुवैद्य शेपटीतून रक्त घेतात. याच शिकवणुकीमुळे भूल न देता सोनोग्राफी आणि दातांची सफाई करता येते. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले, त्यांच्यापैकी अनेकांचा त्या प्राण्यांवर खरोखर जीव होता आणि आहे. पुढे यातल्याच काही माजी प्रशिक्षकांनी ऑर्का बंदिस्त ठेवण्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, तीही त्या जिव्हाळ्यामुळेच.

तरीही एक गोष्ट राहतेच. दिवसाचे सारे अन्न माणसाच्या हातून येते. समुद्रात ऑर्काचा बहुतेक दिवस भक्ष्य शोधण्यात, त्यासाठी आपसांत हाका देण्यात आणि मिळालेला मासा वाटून खाण्यात जातो. टाकीत पोट भरते, पण ते सारे काम नाहीसे होते. त्याच्या जागी माणूस जेवढे काम देईल तेवढेच उरते.

टाकी केवढी असते? त्याबद्दल कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार ऑर्काची सरासरी लांबी २४ फूट धरली आहे. टाकीची आडवी लांबी-रुंदी त्या लांबीच्या किमान दुप्पट, म्हणजे ४८ फूट, आणि खोली किमान निम्मी, म्हणजे १२ फूट असावी, असे ते नियम सांगतात. चोवीस फुटांचा प्राणी बारा फूट खोल पाण्यात सरळ उभाही राहू शकत नाही. एखाद्याने कागदावर हे चित्र काढून पाहावे, म्हणजे मी या आकड्यांपाशी का थांबलो ते ध्यानात येईल.

सॅन डिएगोच्या टाक्या या किमान मापापेक्षा पुष्कळ मोठ्या आहेत. २०१४ मध्ये त्या जवळपास दुप्पट करून ५० फूट खोल तळे बांधण्याची योजना जाहीर झाली होती. किनाऱ्यावरचे बांधकाम असल्यामुळे तिला कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाची परवानगी लागली. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने परवानगी दिली, पण तेथे ऑर्कांची पैदास करता येणार नाही अशी अट घातली. सीवर्ल्डने त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि अखेर ती योजनाच सोडून दिली.

तळे दुप्पट झाले असते तर प्रश्न सुटला असता का? मला तसे वाटत नाही. मुक्त ऑर्का एका दिवसात शंभर किलोमीटर सहज कापतात आणि शंभर मीटरहून खोल बुडी मारू शकतात. त्या मानाने कोणतेही बांधलेले तळे लहानच ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, टाकी मोठी करता येते, पाणी स्वच्छ ठेवता येते, औषधोपचार उत्तम देता येतात. आई, मावशी, भावंडे आणि त्यांची बोली मात्र कुणालाही बांधून देता येत नाही. वेगवेगळ्या समुद्रांतून आलेले, एकमेकांची हाक न समजणारे ऑर्का एका तळ्यात ठेवले, की त्यांचे कुटुंब होत नाही. भांडण झाले तर हरलेल्याला दूर निघून जायला जागाही नसते.

काही ऑर्कांच्या पाठीवरचा पर वाकलेला का असतो?

या परात हाड नसते, तो चिवट तंतूंचा असतो. पूर्ण वाढ झालेल्या नराचा पर सहा फुटांपर्यंत उंच होतो. बंदिस्त असलेल्या जवळजवळ सर्व मोठ्या नरांचा पर एका बाजूला कोसळतो. ब्रिटिश कोलंबियातल्या मुक्त ऑर्कांत असे क्वचितच दिसते. पृष्ठभागाशी जास्त काळ राहणे आणि एकाच दिशेने लहान वर्तुळात पोहणे ही कारणे सांगितली जातात. यामुळे प्राण्याला वेदना होतात असे मी म्हणणार नाही.

दातांची गोष्ट अधिक गंभीर आहे. टाकीच्या काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी फाटकांचे गज चावल्याने दात झिजतात आणि तुटतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ बंदिस्त ऑर्कांचे दात छायाचित्रांवरून तपासले गेले आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या दातांना काही ना काही इजा आढळली. तुटलेला दात आतून किडू नये म्हणून तो कोरून मोकळा करतात आणि ती पोकळी रोज धुवावी लागते, आयुष्यभर.

प्रशिक्षक आता ऑर्कांबरोबर पाण्यात का उतरत नाहीत?

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ऑरलँडोच्या सीवर्ल्डमध्ये टिलिकम नावाच्या नराने एका अत्यंत अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढले आणि तिचा मृत्यू झाला. टिलिकमला १९८३ मध्ये आइसलँडजवळ, वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पकडलेले होते. १९९१ मध्ये कॅनडातल्या एका उद्यानात पाण्यात पडलेल्या तरुण प्रशिक्षिकेचा जीव ज्या तीन ऑर्कांमुळे गेला, त्यांतही तो होता. २०१० च्या घटनेनंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने कारवाई केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही विभागाचीच बाजू उचलून धरली. खेळांच्या वेळी प्रशिक्षक आणि ऑर्का यांच्यात अंतर वा अडसर हवा, असा त्याचा अर्थ होता. मुक्त ऑर्काने माणसाला ठार मारल्याची एकही नोंद नाही, हेही येथेच सांगायला हवे.

२०१६ मध्ये नेमके काय बदलले?

मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांची पैदास थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने ऑर्कांची पैदास व करमणुकीचे खेळ यांवर कायद्याने बंदी घातली. २०१७ च्या आरंभी सॅन डिएगोतला संगीत-रोषणाईचा जुना खेळ बंद झाला आणि त्याऐवजी ऑर्कांचे नैसर्गिक वर्तन समजावून सांगणारा कार्यक्रम आला. आज तेथे असलेली पिढी ही शेवटची. डॉल्फिन, सी लायन यांना मात्र ही बंदी लागू नाही.

मग त्यांना समुद्रात सोडून का देत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर दुर्दैवाने सोपे नाही.

केइको या नराला १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडले होते. अनेक वर्षे तो मेक्सिको सिटीतल्या एका करमणूक उद्यानात, त्याला न मानवणाऱ्या कोमट पाण्यात राहिला. लोकांनी पैसा उभा केल्यावर १९९६ मध्ये त्याला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आणि १९९८ मध्ये आइसलँडच्या एका खाडीत जाळ्याने वेगळ्या केलेल्या जागेत नेले गेले. २००२ मध्ये तो स्वतः पोहत नॉर्वेला पोचला. पण तेथे त्याने माणसांचीच संगत धरली. मुले त्याच्या पाठीवर बसत. मुक्त कळपात तो कधी मिसळला नाही आणि डिसेंबर २००३ मध्ये मेला. काहींना हा प्रयत्न फसलेला वाटतो. मी तसे म्हणत नाही, कारण शेवटची पाच वर्षे तो खऱ्या समुद्रात होता. मात्र बालपणी उचललेला प्राणी वीसेक वर्षांनी नुसता सोडून दिला की घरी परततो, हा समज त्याच्यामुळे खोटा ठरला.

पेन कोव्हला पकडलेल्या सात पिलांपैकी टोकिटे ही मादी मायामीच्या एका किनारी उद्यानात ८० फूट लांब आणि ३५ फूट रुंद टाकीत ५० वर्षांहून अधिक काळ राहिली. तिला तिच्या मूळ समुद्रात नेण्याची योजना मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मेली. वॉशिंग्टन राज्यातले लुम्मी हे मूलनिवासी लोक तिला आपली नातलग मानतात. त्यांनी तिच्या अस्थी त्या समुद्रात विसर्जित केल्या.

यातून मधला मार्ग सुचवला जातो, तो समुद्री आश्रयस्थानांचा. नैसर्गिक खाडीचे तोंड जाळ्याने बंद करायचे, आत वैद्यकीय सोय ठेवायची, अन्न माणसानेच द्यायचे, पण पाणी, भरती-ओहोटी, मासे, आवाज खरे असायचे. २०१९ मध्ये शांघायहून बेलुगा जातीच्या पांढऱ्या देवमाशांच्या दोन माद्यांना आइसलँडमधल्या अशा जागी नेले, पण खाडीत रुळणे त्यांना सोपे गेले नाही. कोर्कीसाठी तिच्या कुटुंबाच्या वाटेवरच्या डबल बे या खाडीत आश्रयस्थान करावे, असा कॅनडातल्या संशोधकांचा प्रस्ताव आहे. सीवर्ल्डचे म्हणणे असे, की या वयात असा प्रवास आणि अनोळखी जंतूंशी संपर्क तिच्या जिवावर बेतेल. हे भय खोटे नाही. तरीही साठीच्या घरातल्या या मादीला तिच्या बोलीतली हाक एकदा तरी ऐकू यावी, असे मला मनापासून वाटते.

सीवर्ल्ड जखमी प्राण्यांना वाचवते, ते खरे आहे का?

खरे आहे आणि ते काम मोठे आहे. जानेवारी १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या किनाऱ्याला करड्या देवमाशाचे काही दिवसांचे पिल्लू लागले. सुमारे साडेसातशे किलोंचे ते पिल्लू ट्रकवर घालून सॅन डिएगोला आणले. त्याचे नाव जेजे. स्निग्धांश भरपूर असलेले खास दूध नळीने पाजून त्याला वाढवले आणि ३१ मार्च १९९८ रोजी समुद्रात सोडले, तेव्हा त्याचे वजन साडेआठ हजार किलोंच्या पुढे गेले होते. २०१५ मध्ये समुद्र तापून मासे दुर्मीळ झाले आणि सी लायनची हाडे निघालेली पिले शेकड्यांनी किनाऱ्यावर येऊ लागली, तेव्हा माणसे कमी पडू नयेत म्हणून सीवर्ल्डने आपला सी लायनचा खेळच काही काळ बंद ठेवला.

बचावकार्यासाठी तिकिटांचे पैसे लागतात, म्हणून खेळ हवेत, असा युक्तिवाद केला जातो. पण जेजेला कुणी उड्या मारायला शिकवले नव्हते, तरी तिला पाहायला लोक रांगा लावत होते.

भारतात असे उद्यान निघू शकते का? सिंधुदुर्गातल्या सी वर्ल्डचे काय?

१७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनगृहांना परवानगी न देण्याचे धोरण जाहीर केले. डॉल्फिन आणि देवमासे अत्यंत बुद्धिमान व संवेदनशील असल्यामुळे करमणुकीसाठी त्यांना बंदिस्त ठेवणे नैतिकदृष्ट्या अमान्य आहे, असा त्याचा आशय आहे. याआधी १९९८ च्या सुमारास चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मेले. शिवाय आपल्या समुद्रातले डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांना पकडणे हा गंभीर गुन्हा आहे.

मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी परिसरात 'सी वर्ल्ड' उभारण्याचा राज्य सरकारचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहिला आणि जमिनीच्या प्रश्नावरून ग्रामस्थांनी त्याला कडाडून विरोध केला. तेथे पुढे काहीही झाले, तरी डॉल्फिनचा खेळ त्यात असू शकत नाही. मला हे योग्यच वाटते, कारण त्या किनाऱ्यावर डॉल्फिन आधीपासूनच आहेत.

आईवडिलांना मग कुठे न्यावे?

सॅन डिएगोच्याच किनाऱ्यावरच्या ला होया या भागात न्यावे. तेथे तिकीट नाही आणि खडकांवर शेकडो सी लायन पहुडलेले असतात. वास उग्र असतो, हे आधी सांगून ठेवावे. माझ्या आईने पदर नाकाला लावला, पण दीड तास कठड्यापासून हलली नाही. एक पिल्लू आईला हाका मारत खडकाखडकावर फिरत होते, प्रत्येक मादी त्याला हुंगून हुसकावत होती आणि शेवटी एकीने त्याच्या नाकाला नाक लावून त्याला कुशीत घेतले. ते पाहून आई म्हणाली, "आता चला." जवळच चिल्ड्रन्स पूल नावाच्या लहान किनाऱ्यावर हार्बर सील असतात, १५ डिसेंबर ते १५ मे हा त्यांचा विणीचा काळ असल्याने वाळूवर उतरायला बंदी असते, वरून पाहता येते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत करडे देवमासे अलास्काच्या बाजूने मेक्सिकोच्या खाड्यांकडे जातात आणि परत येतात. पॉइंट लोमा या भूशिरावरून त्यांचे फवारे दुर्बिणीतून दिसतात. उन्हाळ्यात बोटीने गेल्यास निळा देवमासाही दिसू शकतो.

नातवंडांनी सीवर्ल्डचाच हट्ट धरला, तर त्यांना नेणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र ऑर्कांच्या काचेपाशी मुलांना कोर्कीचे नाव सांगावे आणि ती कुठली आहे, तेही सांगावे.

कोकणात आणि गोव्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी असतात. त्या चालतात का?

त्या टाकीपेक्षा कितीतरी बऱ्या आहेत, पण बोटवाला कसा आहे यावर सारे अवलंबून असते. तारकर्ली, गुहागर, हर्णै किंवा गोव्याच्या किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुधा हंपबॅक जातीचे असतात आणि ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे बोटी त्रास देऊ लागल्या तर त्यांना दूर जायला फारशी जागा नसते. चार बोटींनी घेरून पाठलाग केला, की पिल्लू आईपासून तुटते. म्हणून डॉल्फिन दिसल्यावर पन्नासएक मीटरवर इंजिन मंद किंवा बंद करावे, त्यांच्या वाटेत आडवे जाऊ नये, बरोबर पिल्लू असेल तर मागे फिरावे आणि खायला काही टाकू नये. हे सारे बोट ठरवतानाच सांगावे, आणि डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ, असेही त्याच वेळी सांगावे. कारण पाठलाग बहुतेक वेळा गिऱ्हाईक नाराज होईल या धास्तीपोटीच केला जातो.